विदूषकाचें मूळ आणि कूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ विचारूं नये, असें आपले वाडवडील सांगून गेले. संस्कृत नाटकांतील विदूषकाला मात्र ही सवलत कधीं मिळाली नाहीं. गेलीं सुमारें दीडशें वर्षें युरोपांतील आणि भारतांतील पंडित त्याचें मूळही विचारीत आहेत आणि कूळही. कोणी त्याला ग्रीसहून आलेला पाहुणा ठरविलें. कोणी त्याला कळसूत्री बाहुल्यांच्या खेळांतून बाहेर काढलें. कोणी त्याचा माग यज्ञमंडपापर्यंत नेला. आणि एका पंडितानें तर त्याला थेट वरुणदेवाच्या दारांत नेऊन उभें केलें. पोटभर मोदक मिळाले म्हणजे ज्याला मोक्षाची आठवण राहत नाहीं, अशा या गृहस्थाविषयीं एवढे जाडजूड ग्रंथ लिहिले जावेत, यांत थोडा विनोद आहे खरा. परंतु त्या ग्रंथांमागें जो प्रश्न आहे तो विनोदाचा नाहीं. समाज कोणाला हंसतो, कोणाच्या अनुज्ञेनें हंसतो, आणि तसें हंसण्यानें त्याचें काय होतें, हा तो प्रश्न होय. विदूषकाच्या शोधाचा इतिहास आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे, तो याच प्रश्नासाठीं.

प्रथम कोडें काय आहे तें पाहूं. संस्कृत नाटकाचा नायक पुष्कळदां राजा असतो आणि त्याच्या सोबतीला विदूषक असतो. हा जातीनें ब्राह्मण. राजा त्याला 'वयस्य' म्हणून हांक मारतो, म्हणजे बरोबरीच्या मित्राचा मान देतो. परंतु नाट्यशास्त्रानें त्याचें जें रूप सांगितलें आहे तें असें: ठेंगणी मूर्ति, पुढें आलेले दांत, पाठीला कुबड, वेडेंवांकडें तोंड, डोक्यावर टक्कल आणि डोळे पिंगट. हातांत एक वांकडी काठी. रंगभूमीवरील राजे आणि मंत्री संस्कृत बोलत असतां हा ब्राह्मण मात्र स्त्रिया आणि सेवक यांच्याप्रमाणें प्राकृत बोलतो. विद्या त्याला येत नाहीं, आणि येत नाहीं याची लाजही वाटत नाहीं. भासाच्या म्हणून मानलेल्या 'अविमारक' नाटकांतला संतुष्ट आपल्या विद्वत्तेचा दाखला देतो तो असा कीं, रामायण नांवाचें एक नाट्यशास्त्र आहे आणि त्याचे पांच श्लोक आपण वर्ष पुरें होण्याच्या आंत शिकलों! ज्या समाजांत ब्राह्मणाचें स्थान सर्वांत वर होतें, ज्या नाटकांचे कर्ते आणि प्रेक्षक ती व्यवस्था मानणारे होते, त्याच नाटकांत हास्याचा विषय म्हणून ब्राह्मणच कां निवडला गेला? शूद्र कां नव्हे, परदेशी कां नव्हे? हें तें कोडें.

तें सोडविण्यास लागणारा मुख्य ग्रंथच पुष्कळ काळ अभ्यासकांच्या हातीं नव्हता. होरेस हेमन विल्सन यानें संस्कृत नाटकांचीं आपलीं इंग्रजी भाषांतरें १८२७ सालापर्यंत प्रसिद्ध केलीं, तेव्हां भरतमुनींचें नाट्यशास्त्र इतर ग्रंथांतील उताऱ्यांवरूनच काय तें ठाऊक होतें. पुढें हस्तलिखितें सांपडत गेलीं, आणि १८९४ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या 'काव्यमाले'त पंडित शिवदत्त व काशिनाथ पांडुरंग परब यांनीं तें छापून काढलें. १९२६ पासून बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत अभिनवगुप्ताच्या टीकेसह त्याचे भाग निघूं लागले. अशा रीतीनें विदूषकाचें जन्मटिपण जेव्हां प्रथम हातीं आलें, तेव्हां त्याच्याविषयींचा वाद आधींच रंगांत आलेला होता.

त्या टिपणांत काय लिहिलें आहे? भरतानें हास्याला आठ रसांत मानाचें स्थान दिलें आहे. त्याचा वर्ण पांढरा. त्याची देवता प्रमथ, म्हणजे शिवाचे गण. पुढें हास्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत आणि त्या माणसाच्या प्रतीप्रमाणें वांटून दिल्या आहेत. उत्तम प्रतीच्या माणसानें स्मित करावें किंवा हसित; स्मितांत दांत दिसूं नयेत, हसितांत किंचित् दिसावेत. मध्यमांना विहसित आणि उपहसित. अधमांना अपहसित आणि अतिहसित, ज्यांत डोळ्यांना पाणी येतें, खांदे गदगदां हालतात आणि माणूस कुशीवर हात दाबून हंसतो. म्हणजे दांत किती दाखवावे हेंही दर्जावर ठरलेलें! इतक्या काटेकोर व्यवस्थेचा हा ग्रंथ. पण त्याच ग्रंथांत एक अनपेक्षित गोष्ट आहे. नाट्याला विघ्न येऊं नये म्हणून देवतांची नेमणूक झाली. नायकाचें रक्षण इंद्राकडे गेलें, नायिकेचें सरस्वतीकडे. आणि विदूषकाचें? तें ॐकाराकडे सोपविलें. ज्याला एक ऋचा धड म्हणतां येत नाहीं, त्याचा पाठीराखा प्रत्यक्ष वेदांचें आद्याक्षर! त्याची ती वांकडी काठी, 'कुटिलक', हीही ब्रह्मदेवाची देणगी म्हणून सांगितली आहे. ही थट्टा समजावी, कीं यांत कांहीं गंभीर अर्थ आहे? हा प्रश्न पुढें फार महत्त्वाचा ठरला.

आतां वादाकडे वळूं. १८८२ सालीं एर्न्स्ट विंडिश या जर्मन पंडितानें संस्कृत नाटकावरील ग्रीक प्रभावाविषयीं प्रबंध प्रसिद्ध केला. शिकंदराच्या स्वारीनंतर ग्रीक राजे हिंदुस्थानच्या वायव्येस राज्य करीत होते. त्यांच्याबरोबर त्यांचीं सुखान्त नाटकें आलीं असलीं पाहिजेत. आणि त्यांतला धांवपळ करणारा दास, फुकटचें जेवण शोधणारा आश्रित आणि बढाईखोर शिपाई यांचींच रूपांतरें म्हणजे आपले विदूषक, विट आणि शकार, असें त्याचें म्हणणें. साम्यें त्यानें पुष्कळ दाखविलीं. परंतु ग्रीक नाटकांतला तो दास गुलाम आहे, आणि विदूषक तर राजाच्या खांद्यावर हात ठेवणारा ब्राह्मण. हा भेद पुसला जाईना. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेवी यानें १८९० सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथांत ग्रीक प्रभावाची ही कल्पना सविस्तर खोडून काढली.

मग पारडें उलट दिशेला झुकलें. १९०० सालीं रिखार्ड पिशेल यानें असें प्रतिपादन केलें कीं, कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाचें माहेरच हिंदुस्थान होय. नाटकाच्या 'सूत्रधार' या नांवांत बाहुल्यांचें सूत्र अजून शिल्लक आहे, आणि युरोपच्या जत्रांतून हंसविणारा कुबडा, मोठ्या नाकाचा बाहुला हा आपल्या विदूषकाचाच दूरचा वंशज आहे. म्हणजे विंडिशच्या मतें विदूषक पश्चिमेकडून आला, तर पिशेलच्या मतें तो पश्चिमेकडे गेला! अमेरिकन अभ्यासक माँटगोमेरी शायलर यानें १८९९ सालीं तिसरीच वाट दाखविली होती. राजदरबारच्या नाटकापूर्वीं लोकांचीं प्राकृत नाटकें असलीं पाहिजेत. त्यांत गांवच्या खादाड भटजीची टवाळी होत असली पाहिजे. आणि दरबारी कवींनीं तें लोकप्रिय पात्र उचललें, तेव्हां त्याची जात, भूक आणि बोली तशींच राहिलीं. ही उपपत्ति साधी आहे आणि म्हणूनच पुष्कळांस पटली. तिच्यांत उणें एवढेंच कीं, तीं लोकनाटकें कोणाच्याही पाहण्यांत नाहींत.

इतक्यांत वाळूंतून पुरावा निघाला. मध्य आशियांतून जर्मन मोहिमेनें आणलेल्या ताडपत्रांच्या चिंध्यांतून हाइनरिख ल्यूडर्स यानें १९११ सालीं बौद्ध नाटकांचे तुकडे प्रसिद्ध केले. त्यांत अश्वघोषाचें 'शारिपुत्रप्रकरण' होतें. कालिदासाच्या आधींचा हा कवि. नाटकाचा विषय काय, तर शारिपुत्र आणि मौद्गल्यायन यांनीं बुद्धाला शरण जाणें. अशा वैराग्याच्या नाटकांतही विदूषक आहे, आणि प्राकृत बोलतो आहे! शारिपुत्र बुद्धाचा उपदेश घेण्याचें मनांत आणतो, तेव्हां विदूषक हरकत घेतो कीं, ब्राह्मणानें क्षत्रियाकडून उपदेश घेणें शोभत नाहीं. त्यावर शारिपुत्र विचारतो तें असें: हलक्या जातीच्या माणसानें दिलें म्हणून औषध रोग्याला बरें करीत नाहीं काय, आणि पाणी तापलेल्याला निववीत नाहीं काय? पाहा, जातीच्या अभिमानाची बाजू कवीनें मांडावयास दिली ती विदूषकाच्या तोंडीं. उत्तर देण्यापूर्वींच प्रेक्षक त्या बाजूला हंसलेले असणार. या तुकड्यांनीं एक गोष्ट पक्की केली. विदूषक कालिदासानें निर्माण केला नाहीं. त्याच्या आधींच तो रंगभूमीचा जुना रहिवासी झाला होता.

ए. बी. कीथ यानें १९२४ सालीं संस्कृत नाटकावरील आपल्या ग्रंथांत धर्मविधींकडे लक्ष वेधलें. महाव्रत नांवाच्या यज्ञविधींत ब्रह्मचारी आणि गणिका यांच्यामध्यें शिवीगाळीचा एक ठरलेला संवाद होत असे. पावित्र्याच्या ऐन मध्यावर असभ्यतेला दिलेली ही जागा, हें विदूषकाचें बीज असेल काय? हा धागा डच पंडित एफ्. बी. जे. काइपर यानें १९७९ सालच्या 'वरुण आणि विदूषक' या ग्रंथांत शेवटापर्यंत नेला. अश्वमेधाच्या अखेरीस अवभृथस्नानाच्या वेळीं पाण्यांत उभ्या केलेल्या एका माणसाच्या मस्तकावर आहुति देत. तो माणूस टकला, पिंगट डोळ्यांचा, विरूप असा शोधून आणावा लागे, आणि तो वरुणाचें रूप मानला जाई. या माणसाचें वर्णन आणि नाट्यशास्त्रांतील विदूषकाचें वर्णन शेजारीं ठेवून वाचलें म्हणजे माणूस क्षणभर स्तब्ध होतो. नाटकाच्या पूर्वरंगांत 'त्रिगत' नांवाचा भाग असे. त्यांत सूत्रधार व त्याचा साथीदार यांच्या बोलण्यांत विदूषक येऊन असंबद्ध प्रश्नांनीं मोडता घालीत असे. काइपरच्या मतें हा देवासुरांच्या जुन्या वाग्युद्धाचा अवशेष होय. नायक इंद्राचा, विदूषक वरुणाचा. आणि विदूषक म्हणजे दूषण देणारा, प्रतिपक्ष चालविणारा. ॐकार त्याचा रक्षक कां, याचें गंभीर उत्तर देण्याचा हा मोठा प्रयत्न होता. तो सर्वांना मान्य झाला नाहीं. पण त्यानंतर विदूषकाला केवळ खादाड म्हणून बाजूला सारणें कोणाला शक्य राहिलें नाहीं.

या सर्व उपपत्ति एका ओळींत ठेवल्या म्हणजे एक मौज दिसते. ग्रीक वाङ्मयावर पोसलेल्या पंडिताला विदूषकांत ग्रीक दास दिसला. लोककलांच्या अभ्यासकाला बाहुलें दिसलें. वैदिक विधींच्या जाणत्याला यजमान आणि ऋत्विज दिसले. जो तो आपापल्या अंगणांतलें झाड ओळखून गेला. या शोधांनीं ज्ञान वाढलें यांत शंका नाहीं. परंतु आंब्याची कोय कोणत्या मुलुखांतून आली हें कळलें म्हणून आंब्याची चव कळत नाहीं. विदूषक आला कोठून, हें विचारतां विचारतां तो नाटकांत करतो काय, हें विचारावयाचें पुष्कळांच्या हातून राहून गेलें.

हें काम भारतीय अभ्यासकांनीं मनावर घेतलें. १९५३ सालीं जे. टी. परीख यांनीं विदूषकाचें शास्त्र आणि व्यवहार यांची तुलना केली. १९५९ सालीं गो. के. भट यांचा 'विदूषक' हा ग्रंथ आला. संस्कृताचे गाढे अभ्यासक आणि मराठीचे रसिक लेखक असलेल्या भटांनीं मूळ, नांव, वेष, बोली यांची चर्चा तर केलीच. पण त्यापुढें जाऊन एकेका नाटकांतल्या एकेका विदूषकाचें स्वतंत्र व्यक्तिचित्र रेखाटलें. एकाच ठशाचें म्हणून समजलेलें पात्र प्रत्येक थोर कवीच्या हातीं निराळें माणूस झालें आहे, हें त्यावरून उघड झालें. त्या वाटेनें आपणही चार नाटकांत डोकावूं.

'मालविकाग्निमित्रां'तला गौतम हा खरा कारभारी. राजाचें मन मालविकेवर जडलें आहे, आणि तिला राणीनें कोंडून ठेविलें आहे. गौतम केतकीच्या कांट्यानें बोटाला टोंचून घेतो, साप चावला म्हणून आकांत करतो, आणि विष उतरविण्यासाठीं सर्पमुद्रेची म्हणून राणीची अंगठीच मिळवितो. त्या अंगठीच्या बळावर मालविका सुटते. सारें नाटक त्याच्या बुद्धीवर चालतें. आणि पुढें? झोंपेंत बरळतांना तो सारें गुपित फोडतो, आणि एक दासी सापासारखी वांकडी काठी अंगावर टाकते तेव्हां भिऊन उठतो. सापाचें सोंग करणाऱ्याला काठीचा साप भिववितो! येथें ब्राह्मणाचें अज्ञान हंसूं आणीत नाहीं. हंसूं येतें तें चातुर्य आणि भित्रेपणा एकाच अंगांत नांदतांना पाहून.

'शाकुंतला'तील माढव्य तसा नव्हे. मृगया, ऊन आणि अवेळीं जेवण यांनीं तो त्रासला आहे. राजा त्याला शकुंतलेविषयीं सांगतो, आणि मग राणीवशांत बातमी फुटेल या भीतीनें राजधानीस परत पाठवितांना म्हणतो कीं, ती सारी थट्टा होती. माढव्य तें खरें मानतो. पुढें शकुंतला दरबारीं येते त्या वेळीं त्याला दुसरीकडे पाठविलेलें असतें. अंगठी सांपडून राजा शोक करूं लागतो आणि विचारतो, तूं मला आठवण कां दिली नाहींस? माढव्याचें उत्तर सरळ आहे: तुम्हींच थट्टा म्हणालां, मी मंदबुद्धीनें खरें धरलें. विचार करून पाहावें. ज्याचा धंदा थट्टेचा, त्यानें राजाचें असत्य तेवढें प्रामाणिकपणें घेतलें; आणि ज्याचा धर्म सत्याचा, त्यानें सत्याला थट्टा म्हटलें. दुर्वासाच्या शापाइतकाच हा एक शब्द त्या दुःखाला कारण आहे, आणि तो राजाच्या तोंडचा आहे.

'स्वप्नवासवदत्ता'चें हस्तलिखित इतर बारा नाटकांसह त्रावणकोरांत त. गणपति शास्त्री यांना सांपडलें आणि १९१२ सालापासून तीं नाटकें छापून निघालीं. त्यांतला वसंतक उदयन राजाला झोंप यावी म्हणून गोष्ट सांगूं लागतो, तों नगराचें नांव राजाला देतो आणि राजाचें नगराला. राजा चूक सुधारतो. वसंतक नांवें घोकीत बसतो. इतक्यांत राजाला झोंप लागते आणि थंडी वाजते म्हणून वसंतक आपली शाल आणावयास जातो. त्या एकांतांत वासवदत्ता येते आणि ज्यावरून नाटकाला नांव पडलें तें स्वप्न घडतें. संस्कृत नाट्यवाङ्मयांतला हा सर्वांत हळवा प्रसंग एका विसराळू माणसाच्या फसलेल्या गोष्टीनें शक्य केला आहे.

आणि 'मृच्छकटिका'तला मैत्रेय! चारुदत्ताच्या सुबत्तेंत त्यानें मोदक खाल्ले. आतां दारिद्र्य आलें तेव्हां तो बाहेर चार घरीं जेवतो आणि पारव्याप्रमाणें रात्रीं मित्राच्याच घरट्यांत परततो. त्याच्या खादाडपणाची थट्टा करतां करतां कवीनें त्याच्या निष्ठेचें माप आपल्या हातीं दिलें आहे. न्यायसभेंत मित्राचा कैवार घेऊन तो शकाराच्या अंगावर जातो, झोंबाझोंबींत त्याच्या कांखेंतले वसंतसेनेचे दागिने खालीं पडतात, आणि तोच चारुदत्ताविरुद्ध पुरावा होतो. प्रेक्षकांचें हंसणें येथें घशांत अडकतें.

हीं चार माणसें पाहिलीं म्हणजे कोड्याचें एक उत्तर सुचतें. विदूषक ब्राह्मण असला तरच तो राजाच्या बरोबरीनें बसूं शकतो, अंतःपुरापर्यंत जाऊं शकतो, आणि राजाला दुखावलें तरी अवध्य राहूं शकतो. दासाला हें साधलें नसतें. परंतु तो संस्कृत बोलता तर दरबाराचाच एक घटक झाला असता. त्याची जात त्याला आंत घेऊन जाते आणि त्याची बोली बाहेरच्यांची असते. राजा चंद्र, कमळ आणि विरह यांविषयीं बोलत असतो. त्याच वेळीं भूक, ऊन आणि झोंप यांची आठवण देणारा एक आवाज स्त्रियांच्या आणि सेवकांच्या भाषेंत बोलत राहतो. म्हणून मोदकाची थट्टा ही निव्वळ पोटाची थट्टा नव्हे. काव्याला जमिनीशीं बांधून ठेवणारा तो दोर आहे.

याचा अर्थ असा नव्हे कीं, त्या हास्यांत सर्वच निर्मळ होतें. कुबड, टक्कल आणि विरूपता यांना हंसणें हें आज आपल्याला शोभणारें नाहीं. व्यंगाला हंसण्याची ती रीति आपण मागें टाकली पाहिजे. शिवाय एका मूर्ख ब्राह्मणाला हंसल्यानें वर्णव्यवस्थेची एकही वीट हालली नाहीं, असेंही कोणी म्हणेल, आणि तें खोटें नाहीं. परंतु स्वतःच्या सर्वोच्च पदाला रंगभूमीवर हास्यास्पद होऊं देणें आणि वर त्याला ॐकाराचें संरक्षण देणें, एवढी मोकळीक त्या संस्कृतीनें आपणहून घेतली होती, हेंही खोटें नाहीं.

ती मोकळीक टिकली नाहीं, आणि तिच्या र्‍हासाची कथा उपदेशपर आहे. सातव्या शतकांत श्रीहर्षाच्या 'नागानंदां'त विदूषकाची फजिती दारूबाज विटाच्या धुडगुसांत होते. भवभूतीनें तर आपल्या तीनही नाटकांत विदूषकाला जागाच दिली नाहीं. राजशेखराची 'कर्पूरमंजरी' सबंध प्राकृतांत आहे. तेथें राजाही प्राकृतच बोलतो, मग विदूषकाच्या बोलीचें वेगळेपण उरलें काय? तेथला कपिंजल काव्याच्या चढाओढींत एका दासीकडून हरतो आणि रुसून बसतो. पुढच्या नाटकांत भूक आणि मोदक हे नुसते संकेत होऊन बसले. विदूषकाचा विनोद कवींना परवडेनासा झाला असें नव्हे. तो त्यांना पाठ झाला. पाठ झालेल्या विनोदाला कोणी हंसत नाहीं.

ग्रंथांत वाळलेलें हें झाड केरळांत मात्र हिरवें राहिलें. तेथील देवळांच्या कूत्तंबलांत चाक्यार मंडळी शतकानुशतकें संस्कृत नाटकें कूडियाट्टम् या पद्धतीनें करीत आली. युनेस्कोनें २००१ सालीं या कलेचा गौरव केला. तेथला विदूषक मलयाळम् बोलतो. नायकाच्या प्रत्येक श्लोकाचा अर्थ तो लोकांना सांगतो, आणि वर त्याच वृत्तांत एखादा थट्टेचा प्रतिश्लोक रचतो: नायक नायिकेचें सौंदर्य वर्णितो, तर हा एखाद्या दासीचें. धर्म, अर्थ, काम, मोक्ष या चार पुरुषार्थांच्या जागीं तो भोजन, विनोद, वंचना आणि राजसेवा हे चार पुरुषार्थ सांगतो आणि त्यांचें सांग विवरण करतो. त्या विवरणांत समोर बसलेला कोणीही सुटत नाहीं, आणि रागावून उठण्याची सोय कोणालाच नाहीं, असा तेथला दंडक. पंडितांनीं ज्याचें मूळ गतकालांत शोधलें, तो जिवंतपणीं देवळांत बोलत होता.

आपल्याकडेही तो अगदींच परका नाहीं. कोंकणांतील दशावतारांत वेद पळविणारा शंकासुर काळ्या पोषाखांत येतो आणि मालवणी बोलीनें सभेला हंसवितो. वेदांचा चोर आणि लोकांचा लाडका एकच! सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' उभें केलें, तें कर्नाटकांतील भागवत मंडळींच्या खेळांपासून स्फूर्ति घेऊन. त्या पद्धतीच्या नाटकांत मंगलाचरण झालें कीं विदूषक नाचत येई आणि सूत्रधाराशीं उलटसुलट प्रश्नोत्तरें करी. मग गणपति, मग सरस्वती. नाट्यशास्त्रांतलें तें 'त्रिगत' अशा रीतीनें कृष्णेच्या कांठीं पुन्हां उभें राहिलें. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'बरोबर माढव्य मराठी बोलूं लागला, आणि देवलांच्या 'मृच्छकटिका'नें मैत्रेयाला घरोघर नेलें. १९०८ सालीं न. चिं. केळकरांनीं 'सुभाषित आणि विनोद' लिहून हंसणें हाही विचाराचा विषय आहे हें मराठी वाचकाला पटविलें. बोलपटांतला नायकाचा मित्र, जो ऐन प्रेमाच्या प्रवेशांत भूक लागली म्हणतो, तो याच घराण्याशीं नातें सांगतो. मात्र त्याच्या हातांतली वांकडी काठी पुष्कळदां गळून गेलेली असते आणि उरतें तें नुसतें पोट.

विदूषकाचें मूळ ग्रीसमध्यें कीं यज्ञांत, या वादाचा निकाल लागो वा न लागो. त्या वादाच्या निमित्तानें एक कसोटी आपल्या हातीं आली आहे. ज्या काळांत विदूषकाची वांकडी काठी वर बसलेल्यांकडे वळली, त्या काळानें गौतम, माढव्य आणि मैत्रेय अशीं माणसें दिलीं. जेव्हां ती ठरलेल्या संकेतांत अडकली किंवा खालच्यांच्या पाठीवर पडूं लागली, तेव्हां नाटकांतलें हास्य सुकलें. हंसविणाऱ्याला संरक्षण लागतें, हें भरतमुनींनीं ओळखलें होतें. म्हणून त्यांनीं त्याला राजाच्या हवालीं केलें नाहीं, ॐकाराच्या हवालीं केलें. आपल्या काळानें त्याला कोणाच्या हवालीं केलें आहे, हें ज्यानें त्यानें आपल्या भोंवतीं पाहून ठरवावें.